फिशटँकचं पाणी फरशीवर का येतं, आणि ते येऊ नये म्हणून काय करायचं

मध्यरात्री पाणी प्यायला उठलो आणि पहिलंच पाऊल ओल्या फरशीवर पडलं. वीज गेलेली. टॉर्च मारून पाहिलं तर टाकीखालच्या कपाटाच्या फटीतून पाण्याची धार वाहत होती. खालचा संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, काठोकाठ भरलेला, आणि वरच्या टाकीतलं पाणी चांगलं चार-पाच बोटं उतरलेलं. पाणी संपमधून वर नेणाऱ्या रिटर्न पाइपवर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला होता, म्हणून मी इतके दिवस निर्धास्त होतो. सकाळी तो खोलला तेव्हा आतल्या झडपेखाली मण्याएवढी गोगलगाय अडकलेली सापडली. झडप केसभर उघडी राहिली होती, आणि रात्रभर पाणी झिरपायला तेवढी फट पुरली.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्यात काही हलतं, त्यावर शेवटचा भरवसा ठेवायचा नाही. झडप, फ्लोट, सेन्सर हे सगळं खुशाल लावावं. पण ते सगळं एकाच रात्री बिघडलं तरी पाणी मावेल एवढी मोकळी जागा आधी करून ठेवावी. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः या मोकळ्या जागेच्या हिशेबाबद्दल आहे. लागणारी हत्यारं दोन, मोजपट्टी आणि रंगीत टेप.

पाणी सांडायचे रस्ते दोनच

रचना सगळ्यांना माहीत असेल, तरी एकदा डोळ्यांसमोर आणू. वर मुख्य टाकी. तिच्या एका कोपऱ्यात किंवा मागच्या काचेला ओव्हरफ्लोची पेटी, तिच्या कडेला कंगव्यासारखे दाते. कड ओलांडून पाणी पेटीत पडतं, निचऱ्याच्या पाइपातून खालच्या संपमध्ये जातं, फिल्टरमधून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते रिटर्न पाइपने पुन्हा वर ढकलतो.

यात गडबड दोन प्रकारे होते. पंप थांबला की वरचं पाणी खाली येतं आणि संप उतू जातो. पंप चालू असताना निचरा तुंबला की खालचं पाणी वर साचतं आणि टाकी उतू जाते. पंपाने संप पुकारला की खालच्या संपची परीक्षा, आणि पंप इमानेइतबारे राबत असेल तर वरच्या टाकीची. दोन्हींचा हिशेब वेगळा करायचा. पहिला बहुतेक जण करतात, दुसरा जवळजवळ कोणीच करत नाही.

पहिला हिशेब: पंप थांबला तर किती पाणी खाली येईल?

टाकीची आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि 1000 ने भागा. एक सेंटिमीटर उंचीच्या थरात किती लिटर पाणी असतं ते कळतं. 120 × 45 सेंमीच्या टाकीत हा आकडा 5.4 लिटर येतो. संपचाही असाच काढा. 75 × 35 चा संप असेल तर साधारण 2.6 लिटर. हे दोन आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागतील.

पंप थांबल्यावर तीन ठिकाणचं पाणी खाली येतं.

एक, कंगव्याच्या कडेवरचा थर. पंप चालू असताना पाण्याची पातळी कडेपेक्षा थोडी वर असते, कारण पाणी कडेवरून वाहत असतं. ताशी 3000 लिटर पाणी 30 सेंमी लांबीच्या मोकळ्या कडेवरून जात असेल तर हा थर साधारण 1.3 सेंमीचा असतो. कड 15 सेंमीच असेल तर साधारण 2.1 सेंमी. दात्यांमुळे मोकळी लांबी निम्म्यावर येते, हे लक्षात घेऊनच लांबी धरा. शिवाय पंपाच्या खोक्यावर छापलेला प्रवाह पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. मीटर-दीड मीटर चढवून एल्बोंमधून, म्हणजे पाइपाच्या वळणांमधून, फिरवल्यावर तो बराच कमी भरतो. तरीही हिशेबाला छापील आकडाच घ्या, चूक झालीच तर आपल्या बाजूने होईल.

दोन, ओव्हरफ्लोच्या पेटीतलं पाणी. हे हटकून विसरलं जातं. 20 × 15 सेंमीची पेटी 45 सेंमी भरलेली असेल तर ते साडेतेरा लिटर झाले. निचऱ्याचं तोंड पेटीच्या तळाशी असेल तर हे सगळं खाली येणार. उभा पाइप लावून तोंड वर घेतलं असेल तर तेवढाच वरचा भाग येईल.

तीन, आणि खरा घोटाळा इथेच असतो: रिटर्न पाइपचा उलटा सायफन. पंप थांबला की तोच पाइप पाणी वरून खाली ओढायला लागतो, आणि वरचं तोंड उघडं पडून त्यात हवा शिरेपर्यंत ओढत राहतो. माझ्या टाकीत पाणी छान फिरावं म्हणून मी ते तोंड पृष्ठभागापासून 12 सेंमी खाली ठेवलं होतं. 12 गुणिले 5.4, म्हणजे जवळपास 65 लिटर. माझ्या संपला एवढं पाणी घ्यायचं तर पातळी 25 सेंमी वर चढायला हवी होती. रिकामी जागा होती 14 सेंमी. हा गुणाकार आधी केला असता तर त्या गोगलगायीला दोष द्यायची वेळच आली नसती.

सायफन तोडायचा कसा

सर्वात सोपा इलाज म्हणजे रिटर्नचं तोंड वर घेणं. पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटरवर ठेवलं की तेवढंच पाणी उतरतं आणि हवा आत शिरते. पाणी फिरवायला हवं तर टाकीत वेगळा वेव्हमेकर लावा, ते काम रिटर्नकडून करून घेऊ नका.

तोंड खाली ठेवणं भागच असेल तर पाइपाला पृष्ठभागाच्या जरासं खाली 4 ते 5 मिमीचं भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक धार निघेल, ती खाली किंवा आडवी जाईल अशा बाजूला भोक घ्या, नाहीतर शिंतोडे झाकणावर आणि दिव्यावर उडतात. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकं दोन पाडावीत, एक बुजलं तरी दुसरं असतं. अशी भोकं शेवाळाने आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत चुन्याच्या थराने बुजतात, हे गृहीतच धरायचं. महिन्यातून एकदा दात कोरायची काडी किंवा जुना ब्रश फिरवला की काम झालं.

आणि चेक व्हॉल्व्ह? लावायचा असेल तर लावा. त्याने पाइपातलं पाणी वरच राहतं आणि पंप पुन्हा सुरू झाल्यावर बुडबुड्यांचा गोंधळ कमी होतो. त्यासाठी तो ठीक आहे. संप वाचवायला तो नाही. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारे जोड, देऊन बसवा, म्हणजे साफ करायला पाइप कापावा लागत नाही.

टेपची रेघ

हिशेब कागदावर बरोबर आला तरी खात्री प्रत्यक्ष पाहूनच करायची. हे काम सुट्टीच्या दिवशी, हाताशी बादली आणि जुने पंचे घेऊन करा.

टाकी आणि संपमध्ये पाणी भरा, सगळं सुरळीत चालू द्या. मग पंप बंद करा आणि पाणी उतरणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. दोन मिनिटांत निघून जाऊ नका. धार संपल्यावरही बराच वेळ थेंब थेंब येत राहतं. आता पंप बंदच ठेवून संपमधलं पाणी असं कमीजास्त करा की काठापासून तीन ते चार सेंमी जागा उरेल. पंप पुन्हा चालू करा. पाणी वर जाईल, संपची पातळी उतरून स्थिर होईल. शेवटच्या कप्प्यात, म्हणजे पंपाच्या कप्प्यात, जिथे पातळी थांबली तिथे बाहेरून लाल टेप लावा.

पंप चालू असताना या रेघेच्या वर पाणी कधीही भरायचं नाही. पातळी खाली दिसली म्हणून कोणी प्रेमाने बादलीभर पाणी ओतलं की सगळा हिशेब बिघडतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना ही रेघ दाखवून ठेवा. पंप, रिटर्नचं तोंड किंवा संपमधला मोठा दगड किंवा फिल्टरचं भरण (मीडिया) बदललं की रेघ पुन्हा आखायची.

रेघ इतकी खाली येत असेल की पंप हवा ओढायला लागतो, तर संप लहान आहे. दुसरा अर्थ नाही. मोठा संप घ्या किंवा वरून उतरणारं पाणी कमी करा.

दुसरा हिशेब: निचरा तुंबला तर?

आता उलट बाजू. पानाचा तुकडा, मेलेला मासा, शेवाळाचा गोळा, खाऱ्या टाकीत भटकायला निघालेला फुलासारखा समुद्री जीव अ‍ॅनिमोन, यांपैकी काहीही निचऱ्याच्या तोंडाशी बसू शकतं. पंपाला याची काही खबर नसते. तो आपल्या कप्प्यातलं पाणी वर ढकलत राहतो, कोरडा पडेपर्यंत.

नीट रचलेल्या संपमध्ये कप्प्यांच्या मधल्या काचा आधीच्या कप्प्यांतलं पाणी अडवून धरतात. त्यामुळे पंप फक्त शेवटच्या कप्प्यातलंच पाणी वर नेऊ शकतो. तेवढंच पाणी वरच्या टाकीत मावलं की निचरा पूर्ण बंद झाला तरी थेंब सांडत नाही. माझा शेवटचा कप्पा 25 × 35 सेंमीचा आहे आणि पंपाच्या तोंडावर 18 सेंमी पाणी असतं, म्हणजे पावणेसोळा लिटर. 5.4 ने भागलं तर वरच्या टाकीची पातळी 2.9 सेंमी चढेल. म्हणून चालू टाकीत पाणी आणि काचेची कड यांच्यात मी साडेतीन सेंमी जागा ठेवतो. टाकी काठोकाठ भरलेली सुंदर दिसते, कबूल. पण ते साडेतीन सेंमी हाच माझा विमा आहे.

स्टँड एका बाजूला कललेला असेल तर ही जागा एका कोपऱ्यात कमी भरते. चारही कोपऱ्यांत मोजा आणि सर्वात कमी आकडा धरा.

जागा पुरत नसेल तर पंपाच्या कप्प्याची काच सरकवून कप्पा लहान करता येतो, किंवा पंप खालून विटेवर ठेवून त्याचं तोंड उंच करता येतं. म्हणजे तो लवकर कोरडा पडेल. कोरडा पडलेला पंप खराब होऊ शकतो, पण फुगलेल्या लाकडी फरशीपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

टॉप-ऑफ नावाचा छुपा शत्रू

बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, म्हणजे एटीओ. त्याचा सेन्सर पंपाच्या कप्प्यात असतो. आता मघाचाच प्रसंग आठवा. निचरा तुंबला, पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरली. एटीओला वाटतं पाणी आटलं. तो साठ्यातलं गोडं पाणी ओतायला लागतो आणि पंप तेही वर ढकलतो. तुमचा पावणेसोळा लिटरचा नेटका हिशेब मातीत गेला, आणि खाऱ्या टाकीत क्षारता कोसळली ती वेगळीच.

इलाज असा. रोज साधारण किती पाणी आटतं ते आठवडाभर मोजा. समजा 3 लिटर आलं. मग एटीओचा पंप एका वेळी अर्ध्या-एक लिटरपेक्षा जास्त ओतू शकणार नाही अशी वेळेची मर्यादा घाला. बऱ्याच यंत्रांत ती सोय असते. नसेल तर टायमरवर लावून दिवसातून ठरावीक मिनिटंच वीज द्या. साठ्याची बादली मुद्दाम लहान ठेवा. ती पूर्ण रिकामी झाली तरी पाणी संप आणि टाकीत मावलं पाहिजे. आरओ फिल्टरची नळी फक्त फ्लोट व्हॉल्व्हच्या भरवशावर थेट संपला जोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या धाडसाला नमस्कार.

एटीओच्या नळीचं संपमधलं टोक पाण्याच्या वर, हवेत राहू द्या. पाण्यात बुडालेलं असलं की साठा संपपेक्षा उंच असल्यास पंप थांबल्यावरही सायफन चालू राहतो, आणि खाली असल्यास संपमधलं पाणी साठ्यात येतं.

निचऱ्याचे पाइप

एकच उभा पाइप असलेली रचना सर्वात सोपी आणि सर्वात बेभरवशाची. नवीन टाकीला भोकं पाडून घेत असाल तर किमान दोन घ्या.

दोन पाइपांच्या रचनेला शौकीन लोक हर्बी म्हणतात. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनसारखा चालतो, म्हणून आवाज नसतो. त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो, तो फिरवून पेटीतली पातळी स्थिर करायची. दुसऱ्याचं तोंड त्या पातळीच्या जरा वर असतं आणि तो एरवी कोरडा. पहिला तुंबला की पाणी चढून दुसऱ्यात जातं. बीन अ‍ॅनिमल नावाच्या रचनेत तीन असतात: एक भरलेला सायफन, दुसरा थोडंसंच पाणी वाहणारा हवेशीर पाइप, तिसरा आणीबाणीचा. तीन भोकांची तयारी असेल तर मी डोळे मिटून हीच घेईन. वीज परत आल्यावर ती आपली आपण सावरते आणि दर वेळी व्हॉल्व्हशी खेळत बसावं लागत नाही.

सायफनच्या पाइपावर गेट व्हॉल्व्हच घ्या. बॉल व्हॉल्व्ह जरासा फिरवला की एकदम खूप बदल होतो आणि बारीक जुळवणी जमत नाही. आणीबाणीच्या पाइपावर मात्र कोणताही व्हॉल्व्ह बसवायचा नाही, कारण कधीतरी कोणीतरी तो बंद करणारच. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडू द्या. जास्त खोल गेलं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडत नाही, पाणी गुडगुडतं आणि वर पेटी भरत जाते. आडवे लांब पाइप टाळा, काटकोनी एल्बोऐवजी दोन 45 अंशी बेंड वापरा.

टाकीला भोक नसेल आणि मागे टांगायची पेटी वापरत असाल तर तिची यू-आकाराची नळी हा नाजूक मुद्दा आहे. नळीच्या वरच्या बाकात हळूहळू बुडबुडे साचतात आणि एक दिवस सायफन तुटतो. असल्या पेटीला दुसरा हिशेब, म्हणजे पंपाच्या कप्प्याचा, सक्तीचा समजा.

टँक कनेक्टर, म्हणजे काचेच्या भोकात पाइप धरणारा जोड, बसवताना रबरी वॉशर रुंद कॉलरच्या बाजूला, काचेला लागून येतो; नटच्या बाजूला नाही. नट हाताने आवळा आणि मग पान्याने फार तर पाव फेरा. जोर लावला की काच तडकते किंवा वॉशर बाहेर सरकतो. पीव्हीसी सोल्युशनने चिकटवलेले जोड दिवसभर वाळू द्या आणि मगच पाणी सोडा.

आता मुद्दाम बिघाड करा

सगळं जोडून झालं की दोन परीक्षा घ्या. मासे टाकायच्या आधी घेतल्या तर उत्तम.

पहिली: पंप बंद, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू. हे सलग चार-पाच वेळा करा. दर वेळी संप काठाखाली राहतो का आणि वर सायफन आपोआप धरतो का, ते पाहा. तीनदा धरला आणि चौथ्यांदा नाही, तर ती रचना नापास.

दुसरी: स्विचवर हात ठेवून निचऱ्याच्या मुख्य पाइपाचं तोंड ओल्या फडक्याने बंद करा. आणीबाणीचा पाइप सगळं पाणी नेतो का? मग तोही बंद करा. पंप कोरडा पडून घरघरेपर्यंत टाकीची पातळी कुठवर जाते ते बघा आणि घरघर सुरू होताच स्विच बंद करा. काठाच्या आत राहिली तर तुम्ही बाहेरगावी जायला मोकळे. ही दुसरी परीक्षा घेताना छाती धडधडते, मला अजूनही धडधडते.

हे झाल्यावर वाटलं तर वरच्या टाकीत जास्तीत जास्त पातळीचा फ्लोट स्विच लावून पंपाची वीज तोडायची सोय करा, कपाटात ओल लागताच ओरडणारा अलार्म ठेवा. दोन्ही छान आहेत, पण हिशेब जमल्यावरच.

विजेचं

प्रत्येक वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. सॉकेटचा बोर्ड कपाटाच्या तळाशी पडू देऊ नका, संपच्या काठापेक्षा उंच भिंतीला लावा. टाकीची लाइन 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचवर, हवी.

संप नसलेल्या टाक्या

कॅनिस्टर फिल्टरला, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरला, संप नसतो, पण नळी निसटली किंवा झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) सरकली तर पाणी आत घेणारा पाइप जिथे उघडतो तिथपर्यंत टाकी रिकामी होऊ शकते. म्हणून त्याचं तोंड तळाशी न ठेवता टाकीच्या मध्यावर ठेवा. मासे तरी वाचतील. फिल्टर साफ करताना ओ-रिंगवरची वाळू पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा आणि नळ्यांना क्लॅम्प घाला. मागे टांगायच्या छोट्या फिल्टरमध्ये स्पंज तुंबला की पाणी कडेवरून भलतीकडे वाहतं, म्हणून धारेची जागा बदललेली दिसली की लगेच स्पंज धुवा.

तरी सांडलंच तर

ओल्या फरशीवर उभं राहून प्लग उपसायला जाऊ नका. आधी मेन स्विच बंद करा. मग रिटर्नचा पाइप वरच्या टाकीत उचलून पाण्याबाहेर काढा, सायफन तिथल्या तिथे तुटतो. संपमधलं पाणी बादलीने कमी करा, फरशी नंतर पुसा. खारं पाणी असेल तर लाकूड आणि खिळे-स्क्रू गोड्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्या, मीठ राहिलं की गंज धरतो. आणि वीज परत जोडण्याआधी निचऱ्याच्या तोंडात हात घालून बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच हाताला लागतं.